पुस्तिकेवरचं नाव

१२ जानेवारी

प्रिय चिंगे,

अक्षर ओळखलंच असशील. पाकीट न फोडता बाजूला टाकलं असतंस तरी मला तुला बोल लावता आला नसता. फोडलंस म्हणून लिहिते.

पत्ता धाकट्या काकूकडून घेतला. "आता कशाला?" एवढंच तिनं विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत पत्ता सांगून फोन ठेवून दिला.

तर कारण असं की शाळेनं मला परत बोलावलंय. तिसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, बदली कुणी मिळेना, तेव्हा मुख्याध्यापकांचा फोन आला, "मॅडम, फक्त तीन महिने." निवृत्त होऊन चार वर्षं झाली. घरात भिंतींशी बोलायची वेळ आली होती, म्हणून हो म्हटलं. एकतीस मुलं आहेत. वर्ग तोच, जिन्याशेजारचा, तुझाच. बाक नवे आलेत. दार अजूनही लोटताना खाली घासतं.

पण चिंगे, इतकी वर्षं मी खुर्चीत तरी बसले, नाहीतर व्यासपीठावर तरी. एका वर्गाला रोज शिकवायची सवयच गेली. सोमवारी अपूर्णांक काढले. फळ्यावर गोल काढला, मधोमध रेघ मारली, "याला म्हणतात अर्धा." ठीक. आणखी एक रेघ मारली आणि विचारलं, "आता पाव म्हणजे काय?" मागच्या बाकावरून आवाज आला, "बेकरीतला का, बाई?" झालं! पुढची पाच मिनिटं बेकरीतल्या पावाचा पाव केला तर तो किती पाव, यावर वर्गात रण माजलं. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू.

मग एक छेद चार आणि एक छेद आठ लिहिले आणि मोठा कुठला विचारलं. सव्वीस मुलांनी एक छेद आठला हात वर केले. "आठ मोठे असतात ना बाई!" मी कागदाची पट्टी घेतली, घड्या घालून चार भाग करून दाखवले. तर त्यांनी भाग मोजायचे सोडून घड्या मोजल्या. तीन घड्या दिसतात, म्हणून हा एक तृतीयांश. त्यांना कसं समजवावं ते मला कळेना.

शेवटी म्हटलं, एखादा सोपा प्रश्न विचारून तास संपवावा. एक मुलगी आहे, शिंप्याची. शांत असते, जरा मंद वाटते. तिला उभं केलं. "सांग, अर्धा मोठा की पाव?" ती आपल्या नखांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सांगता येत नाही, बाई." मी म्हटलं, "अगं, हे बालवाडीतलं पोरगंही सांगेल! बस खाली." वर्ग हसला. घंटा झाली.

तू पट्ट्यांपासूनच सुरुवात करायचीस ना? आधी काय, मग काय? घड्या मोजायची चूक कशी मोडायचीस? मला आता नीटसं आठवत नाही. बाजारात काही पुस्तिका मिळतात, पण वर्गातली खरी अडचण त्यात कुठे असते? दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

मागचं काही उकरायला हे पत्र लिहिलेलं नाही.

तुझी
ताई


२३ जानेवारी

प्रिय चिंगे,

तुझं उत्तर नाही. माझी अपेक्षाही नव्हती. हे खोटं आहे. रोज शाळेतून आल्यावर आधी पत्रपेटी उघडते.

ती शिंप्याची मुलगी मंगळवारपासून वर्गात आलीच नाही. शुक्रवारी मुलांना विचारलं तर तिची शेजारीण म्हणाली, "बाई, ती म्हणते मला गणित येत नाही, मी आता येणारच नाही." शाळा सुटल्यावर पत्ता विचारत दुकानावर गेले.

दुकान म्हणजे एक खोली. दोन मशिनं, भिंतीला लागून कापायचं टेबल, खाली चिंध्यांचा ढीग, आणि मागे पडदा लावून पलीकडे घर. शिंपी गळ्यात टेप अडकवून कोट कापत होता. मला बघून गडबडला. स्टुलावरचे कपडे उचलून म्हणाला, "या मॅडम, बसा बसा. पोटात दुखतंय म्हणते ती. पण जेवते तर नीट."

मी म्हटलं, "गणिताला घाबरलीय बहुतेक."

"गणिताला?" त्याला हसूच आलं. "अहो, माझ्या टेपचं दुसरं टोक तीच धरते. पाऊण इंच सोड म्हटलं की बरोबर पाऊण इंचावर खडूनं खूण करते. सव्वा, दीड, अडीच, सगळं येतं तिला. शाळेत काय होतं देव जाणे. मी काही शिकलेलो नाही मॅडम, तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं! मला वर बघवेना.

ती पडद्याआडून बाहेर आली. मी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "त्या दिवशी 'सांगता येत नाही' असं का म्हणालीस ग?" तिनं आधी बापाकडे बघितलं. मग ढिगातून एक मोठी चादर ओढली, एकदा दुमडली, परत दुमडली आणि टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी एक रुमाल एकदाच दुमडून ठेवला. म्हणाली, "हा चादरीचा पाव. हा रुमालाचा अर्धा. बाई, तुम्ही कशाचा ते सांगितलंच नव्हतं."

चिंगे, चादरीचा पाव केवढा तरी मोठा होता.

तेवढ्यात शिंपी तिच्यावर खेकसला, "ए! मॅडमना उलट बोलतेस?"

त्या क्षणी मला म्हणायचं होतं की तिचं बरोबर आहे. तीनच शब्द. आणि मी काय म्हटलं? "असू दे हो, लहान आहे." म्हणजे चूक तिचीच, आणि मी मोठ्या मनानं माफ केलेली! पोरीचा चेहरा उतरला. "सोमवारी ये हं शाळेत," असं म्हणून मी पायऱ्या उतरले.

घरी आले आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून तुझी वही काढली.

हो, वही माझ्याकडे आहे. तपकिरी पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर चहाचा डाग पडलेली. तू मागितलीस तेव्हा मी म्हणाले होते, शाळेच्या रंगकामात कुठेतरी गेली. ती गेली नव्हती. मुलांच्या चुका, कुठल्या चुकीवर तू काय केलंस, कुठला दिवस वाया गेला, सगळं आहे तिच्यात. मागच्या पत्रात 'मला आठवत नाही' म्हणाले, तेव्हा ती वही माझ्यापासून सहा पावलांवर होती. आणि 'बाजारात काही पुस्तिका मिळतात' असं लिहिलं! काही कसल्या, एकच आहे. सगळ्या शाळांत वाटलेली, तुझ्या वहीवरून उतरवलेली, आणि तिच्यावर नाव माझं आहे. हे तुला माहीत आहे आणि तुला माहीत आहे हे मलाही माहीत आहे, तरी ते वाक्य लिहिताना माझा हात अडखळला नाही.

बाविसावं पान उघडलं. तुझं अक्षर: 'अर्धा नेहमीच पावापेक्षा मोठा, असं मुलांना वाटू देऊ नये. आधी विचारावं, कशाचा? लांब पट्टीचा पाव आणि आखूड पट्टीचा अर्धा शेजारी ठेवावेत. भांडू द्यावं.' आणि या सगळ्यावर माझ्या लाल पेन्सिलीची आडवी फुली. पुस्तिका करताना मला वाटलं होतं, हे पान उगाच गोंधळ घालणारं आहे. खरं म्हणजे मला ते कळलंच नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीला कळलं.

ताई


२ फेब्रुवारी

चिंगे,

ती सोमवारी आली. मी वर्गाला सांगितलं, "त्या दिवशी मी प्रश्न अर्धवट विचारला होता. हिचं बरोबर होतं, मी चुकले. आणि तुम्ही हसलात ते माझ्यामुळे." एकानं विचारलं, "बाईपण चुकतात?" ती मुलगी हसली नाही की काही नाही. "पाणी पिऊन येऊ का?" म्हणाली आणि गेली. मला वाटलं होतं, हे बोलल्यावर हलकं वाटेल. उलट झालं. एवढ्याशा गोष्टीला तीन वाक्यं लागतात, मग तुझ्या बाबतीत बावीस वर्षं कशी गेली?

म्हणून आज बसलेय. काही लपवणार नाही असं ठरवून बसलेय.

पाहणीचा दिवस. तुझी मुलं जमिनीवर बसली होती, पट्ट्या आणि कात्र्या पसरलेल्या, एका मुलीचं बोट कापलेलं आणि तू त्यावर पट्टी बांधत होतीस. शाळा तपासायला आलेले साहेब दारात उभे राहिले. "हा काय बाजार आहे? कुणाच्या परवानगीनं चाललंय हे?" परवानगी माझी होती. कात्र्यांच्या पेटीची किल्ली मी स्वतः तुझ्या हातात दिली होती, आठ दिवस आधी. मी मुख्याध्यापिका होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी म्हणाले, "मला याची कल्पना नव्हती, साहेब."

तू माझ्याकडे बघितलंस. तेवढंच. साहेबांसमोर तू मला खोटं पाडलं नाहीस. तुझी नेमणूक तात्पुरती होती, शेरा वर गेला, पुढच्या वर्षी तुला घेतलं नाही. आईकडे तू भांडी घासत होतीस आणि मी मागे उभी राहून म्हणाले, "मी तरी काय करणार? शाळा सांभाळायची होती मला." तू नळ आणखी मोठा सोडलास. तू लांबच्या गावी नोकरी धरलीस, आणि मी आईला सांगत राहिले की चिंगीला इथे करमलं नाही.

नंतर वरून फर्मान सुटलं, कृतीतून शिकवा. ज्यासाठी तुला घालवलं तेच सगळ्यांना हवं झालं. मी वही काढली. आधी वाटलं, आपल्याच शाळेपुरतं वापरू. मग एका बैठकीत दाखवलं, आणि कुणीतरी म्हणालं, "मॅडम, हे तुमचं?" मी नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही, हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. पुस्तिका निघाली तेव्हा तेही सांगता येईना.

आणि मग तो सभागृहातला दिवस.

तुझ्या भागातलं प्रशिक्षण आहे हे मला माहीत होतं. तू येशील असं वाटलं नव्हतं, किंवा वाटूनही मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. दीडशे शिक्षक. तू तिसऱ्या रांगेत. पुस्तिका सकाळीच दारात वाटल्या होत्या, तुझ्या मांडीवर ती उघडी होती. प्रश्न विचारा म्हटल्यावर तू हात वर केलास. उभी राहिलीस. तुझा आवाज अगदी साधा होता. "अर्धा नेहमीच पावापेक्षा मोठा असतो का?"

चिंगे, तो प्रश्न ऐकल्यावर मला कळलं की तू मला संधी देतेयस. मी नुसतं म्हणायचं होतं, ही माझी बहीण, हे काम हिचं. आणि मी ध्वनिक्षेपकातून म्हणाले, "आपण कुठल्या शाळेच्या, बाई?"

तू शाळेचं नाव सांगितलंस.

मी म्हणाले, "मूळ गोष्टीतच असा घोळ घातला तर मुलांचं कसं व्हायचं, बाई?" हशा पिकला. सगळ्या सभागृहात. तू खाली बसलीस.

आपण, बाई, आपण कुठल्या शाळेच्या. तुझी वेणी घातलीय मी. तुला पाटीवर पहिलं अक्षर मी गिरवायला लावलंय.

त्याला अकरा वर्षं झाली. आईच्या शेवटच्या आजारात चार दिवस आपण एका खोलीत होतो. तू तिच्या उशाशी, मी पायथ्याशी. तू मला एकदाच बोललीस, "औषधाची बाटली दे." मी दिली.

माफ कर असं लिहिणार होते. लिहायला हात धजत नाही.

ताई


११ फेब्रुवारी

चिंगे,

काल पुस्तिका छापून वाटतात त्या कार्यालयात गेले होते. नवी आवृत्ती छपाईला निघालीय. तिथला अधिकारी तरुण आहे, माझ्या प्रशिक्षणात बसलेला. उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली. मी सगळं सांगितलं. वही टेबलावर ठेवली. त्यानं चार-पाच पानं उलटली, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा आदर उतरत गेला. मला ते दिसत होतं.

मग तो सावरून म्हणाला, "मॅडम, इतक्या वर्षांनी कशाला उगाच? आपण असं करू, प्रस्तावनेत आभार मानू. 'माझ्या भगिनीच्या काही टिपणांचा उपयोग झाला.' कुणाचंच मन दुखायला नको."

आणि ऐक. मी हो म्हणाले. म्हणजे मला हायसंच वाटलं. वाटलं, सुटले. चहा आला, तो प्यायले. त्यानं आभाराचं वाक्य टाइप करून दाखवलं, मी 'काही'च्या जागी 'मौलिक' करायला सांगितलं. बस-थांब्यावर येईपर्यंत मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

बसमध्ये चढायला पाय उचलला आणि ते वाक्य मनात परत वाचलं. काही टिपणांचा उपयोग झाला. अगं, सगळं पुस्तकच तुझं! बस सोडून दिली. परत गेले. तो जेवणाचा डबा उघडत होता. मी म्हणाले, "आभार नकोत. माझं नाव काढा, तिचं घाला." तो वैतागला. म्हणाला, "तसं असेल तर त्यांची लेखी संमती लागेल. सहीशिवाय मी नाव घालू शकत नाही."

तो अर्ज सोबत जोडलाय. तुझ्याकडे परत काहीतरी मागायची पाळी आलीय, हे कळतंय मला. खूण केलीय तिथे सही कर, एवढंच. बाकी मला काही लिहू नकोस हवं तर.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

चारही पत्रं मिळाली. पहिलं वाचून मी फाडणार होते. शिंप्याच्या मुलीसाठी ठेवलं.

आधी वर्गाचं. घड्या मोजू देऊ नकोस. पट्टी उलगडून प्रत्येक भाग वेगळ्या रंगानं रंगवायला लाव आणि रंग मोजायला सांग. आकडे इतक्यात फळ्यावर लिहू नकोस, दोन आठवडे नुसते शब्द चालू देत. 'आठ मोठे' ही चूक समजावून जात नाही. एक पट्टी दोघांत वाट, तेवढीच चौघांत, तेवढीच आठ जणांत, आणि ज्याचा त्याला तुकडा हातात धरून शेजाऱ्याच्या तुकड्याशी मापू दे. वाटेकरी वाढले की तुकडा का लहान झाला, ते मुलं स्वतः ओरडून सांगतात. आपण सांगायचं नाही. तुला ते जड जाईल, तरी तोंड बंद ठेव. आणि त्या मुलीला मंद म्हणू नकोस, मनातही नाही. तिच्या बापाला जाऊन सांगितलंस का की तिचं बरोबर होतं? वर्गाला सांगितलंस असं लिहिलंयस. बापाचं लिहिलेलं नाहीस.

आता पुस्तिकेचं. सही करणार नाही. अर्ज परत पाठवतेय. ते पुस्तक माझं नाही. माझी वही होती, तिच्यातलं मुलांचं चुकणं काढून टाकून तू जे उरवलंस ते पुस्तक आहे. शिक्षक ते वाचतात आणि पट्ट्या कापून भिंतीवर लावतात. माझ्या शाळेतही, माझ्या तिसरीच्या वर्गाबाहेरच, लावल्यात. त्याच्यावर मला माझं नाव नको. तुझं काढ. बाविसावं पान परत घाल. नावाशिवाय छापायला सहीची गरज लागणार नाही. वही मात्र मला पाठव, रजिस्टर पोस्टानं.

सभागृहाबद्दल तू लिहिलंयस ते खरं आहे, पण तुला सगळं माहीत नाही. त्या दिवशी मी एकटी आले नव्हते. माझ्या शाळेतल्या दोघीजणी बरोबर होत्या. पहाटेची गाडी होती, तीन तासांचा रस्ता. वाटेत मी त्यांना सांगत होते, आज बोलणार आहेत ना, ती माझी सख्खी बहीण, हुशार आहे फार, जेवायच्या सुट्टीत ओळख करून देते. पाहणीचं मी केव्हाच सोडून दिलं होतं, ताई. मी तुला भेटायला आले होते. दारात पुस्तिका हातात दिली तेव्हाही वाटलं, आत कुठेतरी माझं नाव असेल. शेवटच्या पानापर्यंत शोधलं. मग हात वर केला.

माझ्या दोन्ही बाजूंना त्या बसल्या होत्या. तू मला शाळा विचारलीस तेव्हा डावीकडची माझ्याकडे बघायला वळली आणि लगेच समोर बघू लागली. परत येताना तीन तास त्या दोघी भाजीपाल्याबद्दल आणि सुनांबद्दल बोलल्या. अकरा वर्षं झाली, एकीनंही तो विषय काढलेला नाही. त्यांना काय वाटलं असेल? की मी बढाई मारली. खोटं सांगितलं. रोज त्यांच्याबरोबर एका टेबलावर डबा खाते मी.

मला माफीची पत्रं लिहू नकोस. मी ती वाचून काय करू? मला जे झालं ते मला माहीत होतंच.

त्या दोघी अजून इथेच आहेत. एक एप्रिलमध्ये निवृत्त होतेय.

आणि मला चिंगी म्हणू नकोस.


२६ फेब्रुवारी

आदरणीय बाई, आणि दुसऱ्या आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. आपली नावं मला माहीत नाहीत, म्हणून पाकिटावर शाळेचा पत्ता आणि 'आपल्या शाळेतल्या तिसरीच्या बाईंसोबत प्रशिक्षणाला गेलेल्या दोघी' असं लिहिलंय. शिपाईदादा बरोबर पोहोचवतील अशी आशा आहे.

अकरा वर्षांपूर्वी आपण दोघी एका प्रशिक्षणाला आला होतात. अपूर्णांक कसे शिकवावेत यावर एक बाई व्यासपीठावरून बोलत होत्या. ती मी. आपल्या दोघींच्या मध्ये बसलेल्या बाईंनी मला एक प्रश्न विचारला, तेव्हा मी त्यांना ओळखत नसल्यासारखं केलं आणि सगळ्यांसमोर त्यांचं हसं केलं.

त्या माझ्या सख्ख्या धाकट्या बहीण आहेत. गाडीत त्यांनी आपल्याला जे सांगितलं ते सगळं खरं होतं. एकच गोष्ट खरी नव्हती, की मी हुशार आहे. ज्या पुस्तिकेवर माझं नाव होतं ती त्यांच्या वहीवरून मी उतरवली होती, त्यांना न विचारता. त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं. गेल्या महिन्यात तिसरीतल्या एका मुलीनं मला ते शिकवलं. त्या मुलीच्या वडिलांनाही मी काल जाऊन तसं सांगून आले. ते मशिन थांबवून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी मुलीला हाक मारली आणि म्हणाले, "आता परत सांगा मॅडम, हिच्यासमोर." मी परत सांगितलं.

पुस्तिकेवरचं माझं नाव निघालं आहे. नवी आवृत्ती विनानावाची येईल. जिथे जिथे मी हे शिकवलं त्या सगळ्या शाळांना पत्रं लिहायला घेतली आहेत, पण पहिलं आपल्याला लिहावं असं वाटलं. हे पत्र शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचलंत तरी माझी हरकत नाही. वाचावंत अशी विनंतीच आहे, आणि माझी बहीण त्या वेळी तिथे असावी. एप्रिलच्या आत.

आमच्या दोघींचं नाक अगदी एकसारखं आहे. आपण तिच्या दोन्ही बाजूंना होतात, आणि मी समोर उजेडात उभी होते, तेव्हा ते आपल्याला त्या दिवशीही दिसलं असणार. म्हणजे ती खोटं बोलत नाही, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असावं असं आता मला वाटतं. परतीच्या तीन तासांत तिला काहीही न विचारता आपण भाजीपाल्याबद्दल बोलत राहिलात. तिचं दुःख त्या दिवशी तुम्ही झाकलंत. मी तिची बहीण असून मला ते जमलं नाही.

आपली नम्र,
तुमच्या तिसरीच्या बाईंची थोरली बहीण